माझी सरासरी आणि ती पांढरी सवत

मी खुर्ची. माझ्याबद्दल तुम्ही दुसऱ्या कुणाकडून काही ऐकायच्या आत मलाच बोलू द्या. आमच्या गल्लीत माझ्याविषयी जे बोललं जातं त्यातलं निम्मं खोटं आहे आणि उरलेलं निम्मं चुकीच्या गणितावर उभं आहे.

लाकडाचे चार पाय, सरळ पाठ आणि ताडाच्या पातीनं विणलेली बैठक, एवढंच माझं रूप. डोंगरातल्या गावी नेरेइदाच्या बापानं मला केलं. बैठक नेरेइदानं स्वतः विणली, पाती ओल्या करून, गुडघ्यांत घट्ट धरून. लग्न होऊन ती समुद्राकाठच्या या गावी आली तेव्हा मी ट्रकच्या टपावर उलटी बांधलेली होते. म्हणजे या घरात मी मुलाबाळांच्याही आधीची. हे ध्यानात असू द्या, कारण पुढे जिच्याविषयी सांगायचं आहे ती परवा परवा आली आहे.

नेरेइदाचा नवरा डॉन लेओन्सियो साखर कारखान्याची उसाची रेल्वे चालवायचा. पहिल्याच संध्याकाळी त्यानं मला ओसरीत आणलं, माझी पाठ भिंतीला लावली, पुढचे दोन पाय हवेत उचलले आणि मागे रेलला. आमच्याकडे पुरुष खुर्चीवर बसत नाहीत, रेलतात. इतकी वर्षं तो माझ्यावर असा रेलला की माझ्या मागच्या पायांची टोकं तिरपी झिजली. सपाट जमिनीवर उभी केली तर मी डुगडुगते. भिंतीला टेकवून त्यानं भार टाकला की मात्र जागची हलत नाही. ती झीज त्याच्या मापाची आहे, दुसऱ्या कुणाच्या नाही.

रेलल्यावर तो रेडिओ लावायचा आणि बेसबॉल ऐकायचा. खरं सांगायचं तर ऐकण्यापेक्षा बोलायचाच जास्त. आमच्या गावचा संघ बगळ्यांचा. पांढरा पोशाख, निळी टोपी. लेओन्सियोला प्रत्येक बगळ्याची सरासरी तोंडपाठ. शंभरदा फलंदाजीला येऊन तीसदा नीट फटका मारला की तो 'तीनशेचा' फलंदाज. तीनशेच्या माणसाला गावात लोक उठून जागा देतात, दोनशेच्या खाली घसरला तर त्याच्या आईलाही बाजारात टोमणे ऐकावे लागतात. मी हे सगळं त्याच्या पाठीखाली शिकले. त्याचा आवडता फलंदाज अमाउरिस. अमाउरिसनं चेंडू हुकवला की लेओन्सियोची पाठ ताठ व्हायची आणि माझ्या सांध्यांना कळायचं, रेडिओवाला सांगायच्या आधी.

समोरच्या घरात फेयो न्हावी. तो मूळचा अननसाच्या मुलखातला, आणि त्याच्या संघाचं नावही अननसच. पिवळी टोपी. लेओन्सियोनं फेयोच्या लेकीला बाप्तिस्म्याच्या दिवशी धर्मपिता म्हणून हातावर धरलं, तेव्हापासून ते दोघे एकमेकांचे कोंपाद्रे झाले. सख्ख्या भावाशी अबोला धरता येतो, कोंपाद्रेशी धरता येत नाही. त्यामुळे रस्त्याच्या या बाजूनं त्या बाजूला त्यांचं भांडण रोज चालायचं.

"कोंपाद्रे," फेयो दाढीचा साबण घोटता घोटता ओरडायचा, "तुझा अमाउरिस काल चारदा आला आणि चारदा हात हलवत परत गेला."

"काल वारा कुठून होता ते विचार आधी."

"वारा?"

"समुद्रावरून होता. समुद्राच्या वाऱ्यात अमाउरिस दोनशेनं खेळतो, डोंगराच्या वाऱ्यात तीनशे चाळीसनं. हे मॅनेजरला कळत नाही, त्याला मी काय करू?"

"आणि वारा पडलेला असला की?"

"तेव्हा तो आराम करतो."

लेओन्सियोला आवडेल तो आकडा म्हणजे सत्य. न आवडणारा आकडा म्हणजे वारा. मला हे तेव्हा फार गोड वाटायचं. पुढे हेच गणित माझ्यावर उलटेल असं वाटलं नव्हतं.

मग फेयोच्या लेकीचा पंधरावा वाढदिवस आला. गल्लीभर मांडव, केक, नाच. भाड्यानं आणलेल्या खुर्च्या दुसऱ्या दिवशी परत गेल्या, त्यातली एक आमच्या ओसरीत राहून गेली. तीच ती. पांढरी, प्लॅस्टिकची. अंगात एक हाड नाही. उन्हात ठेवली तर मऊ पडते, वारा आला तर रस्ताभर लोळते. तिच्यासारख्या हजारो आहेत, आणि त्या एकीवर एक रचून ठेवल्या तरी त्यांना काही वाटत नाही. मला कुणी कुणावर रचून पाहावं.

तिला हात आहेत, हे मात्र मला मान्य करावं लागतं. मला नाहीत. पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपले ते तिचे हात.

त्या हिवाळ्यात बगळ्यांचे दिवस फिरले. चेंडू फेकणाऱ्या पिचरचा खांदा दुखावला, अमाउरिस दोनशे दहावर आला, सामन्यामागून सामने हरत गेले. आणि संघ हरू लागला की आमच्या लोकांना एक प्रश्न पडतो. खेळाडूंना चूक विचारायची सोडून ते आजूबाजूला पाहतात, की आपल्यात असारोसो कोण आहे.

असारोसो म्हणजे अपशकुनी. माणूस असला तर असारोसो, बाई असली तर असारोसा. ज्याच्या येण्यानं दूध नासतं, फासे उलटे पडतात, आघाडीवरचा संघ हरतो. शर्ट असारोसो असतो, मेव्हणा असारोसो असतो, आणि एकदा हा शब्द चिकटला की साबणानं जात नाही.

एका संध्याकाळी माझ्या एका पातीचं टोक त्याला मांडीला टोचत होतं म्हणून लेओन्सियो उठला आणि सहज तिच्यावर बसला. त्याच मिनिटाला अमाउरिसनं होमरन मारला, चेंडू थेट कुंपणापलीकडे. लेओन्सियोनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याची ती नजर मी ओळखत होते. पिचर बदलायला हवा असं वाटलं की तो रेडिओकडे असाच बघायचा.

"नेरेइदा," तो आत बघून म्हणाला, "या मोसमात मी आपल्या खुर्चीवर बसून किती सामने ऐकले?"

"मला काय ठाऊक? मी भात बघू की तुझं बूड बघू?"

त्यानं बोटांवर मोजलं. माझ्यावर बसून अकरा, त्यातले जिंकले दोन. "एकशे ब्याऐंशी," तो हळूच म्हणाला. माझ्या कानात तो आकडा अजून आहे. त्यानंतर तो रोज तिच्यावर बसू लागला. सहा सामने, पाच विजय. आठशे तेहेतीस.

आता मला बोलू द्या. माझे अकरा सामने कुणाविरुद्ध होते? निम्मे तर परगावी होते. तेव्हा पिचरचा खांदा दुखत होता. तिच्या वाट्याला आले तेव्हा खांदा बरा झाला होता आणि समोर होते ते तळाचे संघ. त्यातही चौथ्या सामन्यात पहिले सात डाव तो माझ्यावरच होता, शेवटचे दोन डाव तिच्यावर बसला, आणि विजय कुणाच्या नावावर गेला? तिच्या. माझ्या नावावर लावलेल्या एका पराभवात तर तो आठव्या डावात परसाकडे गेला होता. ती हार संडासाच्या नावावर का नाही? अमाउरिसला वारा लागतो, आणि मला काहीच लागत नाही? एवढं साधं कुणी विचारलं नाही.

पण खुर्चीचं कोण ऐकतं. शेवटी त्यानं तो शब्द उच्चारला. "असारोसा आहे ही," तो म्हणाला आणि मला पाठीमागच्या अंगणात ठेवून आला.

अंगणात कोंबड्या माझ्यावर बसायच्या. घराच्या कोपऱ्यावरून ओसरीचा तुकडा दिसायचा, आणि त्या तुकड्यात नेमका तिचा एक हात. रेडिओ सुरू झाला की तिच्या त्या हातावर त्याचा हात यायचा. अमाउरिसनं फटका मारला की तो तिथे थोपटायचा. माझ्या इतक्या वर्षांत त्यानं मला कधी थोपटलं नव्हतं. थोपटणार तरी कुठे? माझ्या जिवाचा नुसता तिळपापड व्हायचा. बगळे जिंकले की गावात फटाके वाजायचे, आणि मी मनातल्या मनात अमाउरिसला शिव्या द्यायची. ज्या संघासाठी मी झिजले तोच हरावा असं वाटायला लागलं होतं मला. तिच्या नावावर एक पराभव लागावा, बाकी मला काही नको होतं.

बगळे अंतिम मालिकेत पोचले. समोर कोण, तर अननस. मालिका बरोबरीत आली आणि रविवारी दुपारी शेवटचा सामना ठरला, तोही अननसांच्या मैदानावर. त्या सकाळी लेओन्सियो अंगणात आला. त्यानं माझ्यावरची कोंबडी हाकलली, ओल्या फडक्यानं मला पुसलं. पाय पुसले, पाठ पुसली, बैठकीतली घाण काडीनं काढली. मला वाटलं, आली बुद्धी ठिकाणावर.

त्यानं मला खांद्यावर घेतलं आणि ओसरी ओलांडून रस्त्याकडे चालू लागला. नेरेइदा दारात उभी होती.

"माझ्या बापाची खुर्ची कुठे चालवलीस?"

"कोंपाद्रेला देतोय. त्याची कंबर दुखते."

"कालपर्यंत तर दुखत नव्हती."

नेरेइदानं माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे फेयोच्या दारावर फडफडणाऱ्या पिवळ्या निशाणाकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

"ती असारोसा त्याच्या गळ्यात मारतोयस होय रे? लाज नाही वाटत? त्याच्या लेकीचा धर्मपिता ना तू?"

"लेकीला काही करत नाहीये मी."

मला आशा होती. जिनं मला गुडघ्यांत धरून विणलं ती असं होऊ देणार नाही, असं वाटलं. पण नेरेइदाही निळीच टोपी घालते.

"सामना संपेपर्यंतच हं," ती म्हणाली आणि आत गेली.

फेयोला भरून आलं. "कोंपाद्रे, तू मला इतक्या वर्षांत एक मोसंबं दिलं नाहीस, आणि आज सासऱ्याच्या हातची खुर्ची?"

"तुझ्याहून खुर्ची मोठी आहे का? घे. भेट समज. फक्त आज हिच्यावरच बस, आणि मधे उठू नकोस."

"उठतोय कशाला," फेयो म्हणाला. त्यानं मला ओसरीच्या मधोमध ठेवलं आणि सरळ बसला. रेललाच नाही. मी डुगडुगले, तेव्हा त्यानं माझ्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. परक्या घरी पहिल्याच दिवशी कुणी आपल्या पायाखाली पुठ्ठा घालतं तेव्हा काय वाटतं, ते सांगायला नको.

दोन ओसऱ्यांवर दोन रेडिओ, मधे रस्ता. समोर तो तिच्यावर बसलेला मला आता पुरता दिसत होता. निळी टोपी, मांडीवर तळलेल्या केळ्यांची ताटली, आणि त्याचे दोन्ही हात तिच्या दोन्ही हातांवर. बघवत नव्हतं, पण डोळेही फिरवता येत नव्हते.

बगळे एका धावेनं पुढे होते. दर डावानंतर लेओन्सियो ओरडायचा, "कोंपाद्रे, बसून राहा. कंबरेला जप."

"जपतोय रे बाबा," फेयो म्हणायचा. पण सातव्या डावानंतर तो स्वतःशीच पुटपुटला, "याला माझ्या कंबरेचं एवढं प्रेम कधीपासून?"

शेवटचा डाव. अननसांचे दोन गडी बाद झाले, तिसरा गेला की खेळ खलास, पण दोघे मैदानात टपून होते. एक फटका आणि दोघेही घरी, म्हणजे दोन धावा. आणि फलंदाजीला कोण आलं, तर त्यांचा राखीव कॅचर, एरवी फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. रेडिओवाल्यानं त्याची सरासरी सांगितली, एकशे नव्वद.

लेओन्सियो हसला. इतक्या दिवसांत तो असा मोकळा हसला नव्हता.

"एकशे नव्वद," तो रस्त्यापलीकडे ओरडला. "कोंपाद्रे, पाण्याची बादली पाठवली असती तर तिनं तरी जास्त फटके मारले असते. नेरेइदा, कॉफी ठेव. झालं आपलं काम."

आणि जिंकल्यावर तो जसा बसायचा, तसा तो बसला. पाय जमिनीला टेकवून मागे रेटा दिला आणि रेलला. विसरलाच, की खाली मी नाही.

तिचे मागचे पाय आधी फाकले, मग एक पाय कडकन फाटला. केळ्यांची ताटली उडाली, टोपी उडाली, आणि तो पाठीवर आदळला. त्याच क्षणी दोन्ही रेडिओंतून एकदम गलका झाला. एकशे नव्वदवाल्यानं चेंडू थेट कुंपणाला नेला होता. दोघेही घरी आले. अननस जिंकले.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, तिचा पाय फाटला त्याचा झाला, तिच्या नावावर हार लागली त्याचा झाला, आणि एकशे नव्वदवाल्याचा तर फारच झाला. लेओन्सियो पडला त्याचाही झाला. मग लक्षात आलं की तो उठत नाहीये, आणि माझ्या सांध्यांत काहीतरी खचलं. नेरेइदा धावत आली, फेयो माझ्यावरून उठून रस्ता ओलांडून धावला.

"लेओन, अरे बोल ना. लागलं कुठे?" नेरेइदा म्हणाली.

"कोणी मारला?" लेओन्सियोनं जमिनीवरूनच विचारलं.

"राखीव कॅचरनं," फेयो म्हणाला.

"एकशे नव्वदवाल्यानं?"

"आता तो एकशे नव्वदच्या वर गेला असेल."

लेओन्सियोनं डोळे मिटले. कंबर दुखावली होती त्याची, कंबरच नेमकी. दोघांनी त्याला उचलून पायरीवर बसवलं. आणि तिथे रागाच्या भरात त्याच्या तोंडून निघून गेलं, "पण तू असारोसावर बसला होतास! असारोसा दिली होती मी तुला."

फेयोनं त्याच्याकडे पाहिलं, रस्त्यापलीकडे माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता जन्माचं तुटलं. पण फेयो पायरीवर त्याच्या शेजारी बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"दे परत माझी खुर्ची," लेओन्सियो म्हणाला.

"तू भेट म्हणालास."

"नेरेइदा सामना संपेपर्यंत म्हणाली होती."

"ती आत बोलली असेल. माझ्यापर्यंत भेटच पोचली. कोंपाद्रे, एक सामना, एक विजय. किती झाली सरासरी?"

लेओन्सियोनं तोंड फिरवलं. "हजार," तो म्हणाला. आकड्यांच्या बाबतीत त्याला खोटं बोलता येत नाही. वाऱ्याच्या बाबतीत येतं.

तेव्हापासून मी हजारची खुर्ची आहे. ओसरीवर सगळ्यांच्या डोक्याच्या वर फेयोनं एक खिळा ठोकला, मला पिवळी फीत बांधली आणि टांगलं. गिऱ्हाइकं मान वर करून मला बघतात. कुणी बसायला मागितलं तर फेयो वस्तरा रोखतो. "एक हार लागली की पाचशेवर येईल," तो म्हणतो. फेब्रुवारीत अननस विजेते म्हणून परदेशातल्या स्पर्धेला जाऊन हरून आले, तेव्हाही तो म्हणाला, त्यात खुर्चीचा दोष नाही, तिला खेळवलंच नव्हतं. मला पुढच्या अंतिम सामन्यालाच उतरवणार म्हणे. तो सामना कधी येईल, अननस तिथवर जातील की नाही, कोण जाणे.

आणि समोर काय चाललंय ते मला इथून वरून छान दिसतं. लेओन्सियोनं तिला फेकलं नाही. कंबरेला पट्टा बांधून तो पायरीवर बसला, तापलेल्या सळईनं तिच्या फाटलेल्या पायाला भोकं पाडली आणि तांब्याच्या तारेनं तिला शिवलं. एक एक टाका घेत, तिला मांडीवर आडवी घेऊन. आता तो तिच्यावर नीट, पाय जमिनीला टेकवून बसतो. तिच्यासाठी त्यानं रेलणं सोडलं. हा आकडा कुठे लावायचा, मला कळत नाही.

परवा नेरेइदानं फेयोकडून आलेली ताटली राजम्याचा भात घालून परत पाठवली. घेऊन आला लेओन्सियो. फेयो आत गिऱ्हाइकाचं डोकं करत होता. लेओन्सियो माझ्याखाली उभा राहिला आणि त्यानं हात वर केला. माझ्या बैठकीला खालून त्याचा तळवा लागला. मी डुगडुगले नाही. त्यानं मला खिळ्यावरून जरासं उचललंसुद्धा.

"कोंपाद्रे," आतून फेयो म्हणाला, "बसणार असलास तर बस. मी कुणाला सांगणार नाही."

लेओन्सियोनं माझ्या बैठकीच्या विणीवरून अंगठा फिरवला.

"नको," तो म्हणाला. "हजार आहे. हजार मोडायची नसते." त्यानं मला अलगद खिळ्यावर परत ठेवलं, फीत सारखी केली आणि लंगडत रस्ता ओलांडून तिच्यावर जाऊन बसला.

म्हणून तुम्हाला सांगतेय. तुम्हाला बेसबॉल कळत नसेल, तीनशे म्हणजे काय आणि हजार म्हणजे काय हे तुमच्या गावी नसेल, तर कधी या गल्लीत या. फेयो दुपारी झोपतो. मला खाली घ्या, रस्ता ओलांडून लेओन्सियोच्या भिंतीपाशी नेऊन ठेवा आणि त्याला सांगा की आज सामना नाही. मग तो बसेल.

तेवढ्यासाठी मला पुन्हा असारोसा म्हणा, एकशे ब्याऐंशी म्हणा, शून्य म्हणा. माझी काही तक्रार नाही.